‘रेटिना’ची सहा अक्षरं आणि त्यांच्या पोटातले मोठे शब्द

प्रश्न असा आहे: ‘आर, ई, टी, आय, एन, ए ही सहाही अक्षरं ज्यात येतात असे मोठे इंग्रजी शब्द कसे शोधायचे? क्रम कसाही चालेल, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील. संगणकावर शब्दांची यादी उतरवून घेतली आहे, पण एकेक अक्षर शोधताना गोंधळ उडतो. आणि स्क्रॅबल खेळताना हेच मनातल्या मनात जमू शकतं का?’

जमू शकतं. मी वीसेक वर्षं स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांचे ठोकळे बोर्डावर लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ, खेळतोय आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी मार खाऊन झालाय. यादीचं आधी सांगतो, मनातल्या मनात करायचं नंतर. गंमत म्हणजे दोन्हीकडे युक्ती एकच आहे.

पण त्याआधी नेमकं काय शोधायचंय ते पक्कं करू. ‘ही अक्षरं असलेले शब्द’ या एका वाक्यात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. पहिला, अक्षरं सलग हवीत का? तसं असेल तर ‘रेटिनल’, ‘रेटिनाज’ असे मोजकेच शब्द हाती लागतात. दुसरा, अक्षरं त्याच क्रमाने, पण मध्ये फटी चालतील? मग ‘रिलेशनल’ बसतो: आर, ई, पुढे टी, आय, मध्ये ओ, मग एन आणि ए. ‘रेप्युटेशनल’सुद्धा बसतो. तिसरा, फक्त हीच अक्षरं वापरायची, हवी तितक्या वेळा? न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या कोड्याची जात हीच. त्या हिशेबात ‘एंटरटेन’ आणि ‘आयटिनरंट’ हे नऊ-नऊ अक्षरी शब्द निघतात, कारण त्यांत या सहांपलीकडचं एकही अक्षर नाही. चौथा तुमचा: सहाही अक्षरं हजर हवीत, क्रम कसाही, सोबतीला कुणीही. चारांपैकी सगळ्यात मोठा ढीग याच प्रश्नाला मिळतो.

त्यात तुम्ही अक्षरंही अशी निवडलीत की ढीग अवाढव्य होणार. स्क्रॅबलच्या पिशवीत 100 टाइल्स, म्हणजे अक्षरांचे ठोकळे, असतात. त्यांत ई 12, ए 9, आय 9, आणि एन, आर, टी प्रत्येकी 6. बेरीज 48. म्हणजे जवळजवळ अर्धी पिशवी तुमच्या या सहा अक्षरांनीच भरलेली आहे. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद 1930 च्या दशकात हा खेळ रचत होता तेव्हा त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे आकडे ठरवले. एस मात्र त्याने मुद्दाम 4 च ठेवले, नाहीतर लोक नुसते अनेकवचनी शब्द लावत बसले असते. मोजणी चोख होती, आज इतक्या वर्षांनीही ती बदललेली नाही.

आता यादीकडे. तुम्ही करताय ते बहुधा असं: टेक्स्ट एडिटरमध्ये यादी उघडायची, आर शोधायचा, मग ई, मग टी. यात गोंधळ होणारच, कारण प्रत्येक वेळी पूर्ण यादीवरच शोध चालतो. करायचं असं की पहिल्या चाळणीतून जे उरेल तेच दुसऱ्या चाळणीत टाकायचं. लिनक्स किंवा मॅक असेल तर ‘ग्रेप’ ही आज्ञा सहा वेळा, पाइपने, म्हणजे उभ्या रेघेच्या खुणेने, एकीला दुसरी जोडून. पहिली फक्त आर असलेले शब्द पुढे सोडते, दुसरी त्यांतले ई असलेले, असं सहाव्यापर्यंत. क्रमाचा प्रश्नच येत नाही. पावणेतीन लाख शब्दांची यादी असली तरी एंटर दाबून हात उचलेपर्यंत उत्तर येतं.

प्रोग्रॅमिंगशी संबंध नसेल तर एक्सेल पुरे. एका शीटमध्ये दहा लाखांवर ओळी मावतात, म्हणजे यादी आरामात बसते. पहिल्या रकान्यात शब्द, पुढच्या सहा रकान्यांत एकेका अक्षरासाठी ‘सर्च’ हे सूत्र, जिथे सहाही रकान्यांत आकडा आला तो शब्द आपला. शेवटी ‘लेन’ने लांबी काढून उतरत्या क्रमाने लावा. ‘सर्च’ऐवजी ‘फाइंड’ वापरू नका, त्याला कॅपिटल आणि स्मॉलचा फरक लागतो आणि अर्धे शब्द गुपचूप गळून पडतात.

या चाळणीत एक भोक आहे आणि मी त्यात पडलोय. समजा तुम्हाला एक टी नव्हे, दोन टी हवेत. चाळणी फक्त ‘टी आहे का’ एवढंच विचारते, किती आहेत ते विचारत नाही. टीची चाळणी दोनदा लावली तरी एकच टी असलेला शब्द दोन्हींतून पार होतो. मी पूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, प्रत्येक शब्दासाठी 26 खुणा, अक्षर असेल तर खूण चालू, नसेल तर बंद. भन्नाट वेगवान. त्यातून काढलेली यादी एका खेळाडू मैत्रिणीला सरावासाठी दिली आणि आठवड्याने तिचा फोन आला, ‘अरे, यातल्या निम्म्या शब्दांत दुसरा टी आहे कुठे?’ खूण एकदा चालू झाली की दुसऱ्यांदा चालू होऊन काय फरक पडणार! एक्सेलमध्ये हे भोक बुजवायचं तर शब्दाच्या लांबीतून, ते अक्षर ‘सबस्टिट्यूट’ने काढून टाकल्यावर उरणारी लांबी वजा करायची, म्हणजे अक्षर किती वेळा आलंय ते कळतं. ‘सबस्टिट्यूट’सुद्धा कॅपिटल-स्मॉलच्या बाबतीत सोवळं आहे, तेव्हा आधी सगळी यादी ‘लोअर’मधून काढून घ्या.

याहून सुबक उपाय आहे, आणि तीच ती युक्ती. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची. स्क्रॅबलवाले याला अल्फाग्राम म्हणतात. ‘रेटिना’चा अल्फाग्राम ए-ई-आय-एन-आर-टी. ‘एंटरटेनमेंट’ घ्या, तेरा अक्षरं, त्याचा अल्फाग्राम ए-ई-ई-ई-आय-एम-एन-एन-एन-आर-टी-टी-टी. आता डावीकडून उजवीकडे बोट फिरवा: ए सापडला, पुढे ई, पुढे आय, पुढे एन, आर, टी. सगळे क्रमाने भेटले, मधले बाकीचे गाळत गेलो. म्हणजे ‘क्रम कसाही’ हा अवघड प्रश्न आपण ‘क्रमाने, पण फटी चालतील’ या सोप्या प्रश्नात बदलून टाकला. शब्दही वर्णक्रमाने लावलेला, आपली अक्षरंही वर्णक्रमाने लावलेली, मग एका गटात दुसरा गट आहे का हे एका फेरीत कळतं. दोन टी हवेत? शोधाच्या शेवटी टी दोनदा लिहा. वेगळा नियम लागत नाही.

प्रत्यक्षात करताना यादीची दोन रकान्यांची फाइल बनवा, डावीकडे अल्फाग्राम, उजवीकडे मूळ शब्द. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘सॉर्टेड’ या एका फंक्शनचं काम आहे. मग डाव्या रकान्यावर शोध चालवायचा: ए, बिंदू-तारा, ई, बिंदू-तारा, आय, असं टीपर्यंत. बिंदू-तारा म्हणजे ‘मध्ये काहीही, कितीही’. शोध उजव्या रकान्यात शिरणार नाही एवढं बघा, नाहीतर अल्फाग्राममधला ए आणि शब्दातला टी जोडून तो भलतंच उत्तर देईल. ही फाइल एकदा केली की जन्माची सोय. स्क्रॅबलवाल्यांसाठी ‘झिझिव्हा’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात ॲनाग्राम शोधात सहा अक्षरं लिहून पुढे तारा टाकला की हेच मिळतं, आणि ताऱ्याऐवजी प्रश्नचिन्ह टाकलं की नेमकं एक जादा अक्षर असलेले शब्द. माझी फाइल आता धूळ खात पडलीय, पण ती लिहिताना जे कळलं ते तयार सॉफ्टवेअर वापरून कळलं नसतं.

यादी कोणती घेतली यावर मात्र सगळं अवलंबून. मॅकमध्ये आयती मिळते ती 1934 च्या वेबस्टर कोशावरून बनवलेली, सुमारे 2 लाख 36 हजार शब्दांची. तिच्यात बहुतेक अनेकवचनं नाहीत, क्रियापदांची ‘-एड’, ‘-इंग’ रूपं नाहीत, पण वैद्यक आणि रसायनशास्त्रातले अजस्र शब्द भरलेले आहेत. खेळासाठी ती निरुपयोगी. ‘एनेबल’ नावाची सुमारे 1 लाख 73 हजार शब्दांची यादी मुक्त आहे, छोटे खेळ आणि ॲप बनवणारे बरेचजण तीच घेतात. भारतात आणि इंग्लंडमध्ये स्पर्धा कॉलिन्स या कोशाच्या यादीवर होतात, तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2 लाख 79 हजार 496 शब्द होते. अमेरिकेची यादी वेगळी आणि लहान. तेव्हा ‘हा शब्द चालतो का?’ या प्रश्नाला ‘कुठे?’ हा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आणखी एक, यादी विंडोजवर बनलेली आणि शोध लिनक्सवर चालवत असाल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण चिकटलेली असते. त्यामुळे लांबी एकाने जास्त येते आणि ‘शब्दाचा शेवट अमुक अक्षराने’ हा शोध कोरा परततो. मी एकदा एक अख्खी संध्याकाळ यात घालवली. आधी ती खूण झाडून टाका.

चॅटबॉटला विचारू का, असंही कुणी विचारतं. विचारा, पण मिळालेला प्रत्येक शब्द यादीशी ताडून बघा. ही मॉडेलं मजकूर अक्षराअक्षराने वाचत नाहीत, तुकड्यातुकड्याने वाचतात, त्यामुळे ‘या शब्दात एन आहे’ असं छातीठोकपणे सांगून एन नसलेला शब्द हातात ठेवतात.

आता दुसरा अर्धा भाग, माझ्या जास्त आवडीचा.

आमच्या पिढीने इंग्रजी पाचवीपासून शिकली आणि स्पेलिंगं घोकून. ‘सी-ई-आर-टी-ए-आय-एन सर्टन, सर्टन म्हणजे खात्रीचा.’ सकाळच्या शाळेत अख्खा वर्ग एका सुरात. त्या घोकंपट्टीचा मला आजही फायदा होतो, स्पेलिंग चुकत नाही. पण खेळताना तीच आडवी येते. ‘सर्टन’ची सात अक्षरं डोक्यात आगगाडीच्या डब्यांसारखी जोडलेली असतात, मधला डबा सुटा होत नाही. त्यात आपण वाढलो बाराखडीत. आपल्याला ‘टि’ हे एक अक्षर वाटतं, इंग्रजीत ते टी आणि आय असे दोन सुटे ठोकळे. ‘सर्टन’ आणि ‘रेटिना’ कानाला एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. पण ‘सर्टन’मधून सी काढून घ्या, उरतात ती नेमकी ‘रेटिना’ची सहा अक्षरं. हे कानाने कधीच कळणार नाही. म्हणून नव्या खेळाडूंना मी पहिली सवय लावतो ती ही: रॅकवर, म्हणजे आपली अक्षरं ठेवायच्या पट्टीवर, टाइल्स आल्या की त्या आधी वर्णक्रमाने लावायच्या. ए डावीकडे, टी उजवीकडे. शब्द शोधायचा नाही, नुसतं बघायचं. डबे सुटे झाले की मगच जोडायला घ्यायचे.

मोठे शब्द मनात शोधण्याची रीत अशी की अक्षरं एकेक करून जुळवत बसायचंच नाही. एखादा मोठा उपसर्ग किंवा प्रत्यय असा पकडायचा की तो आपली बहुतेक अक्षरं एका घासात गिळेल, मग उरलेली एक-दोनच शोधायची. तुमच्या सहांसाठी याहून चांगलं उदाहरण नाही. ‘इंटर-’ हा उपसर्ग घ्या: आय-एन-टी-ई-आर, पाच अक्षरं गेली. उरला एकटा ए. म्हणजे ‘इंटर-’ने सुरू होणारा आणि पुढे कुठेही ए असलेला कोणताही शब्द तुमचा! इंटरनल, इंटरव्हल, इंटरॅक्ट, इंटरस्टेट, इंटरनॅशनल, इंटरप्रिटेशन. एका दमात सहा निघाले आणि विचार काहीच करावा लागला नाही.

तसाच ‘-एशन’ हा शेवट, ए-टी-आय-ओ-एन. तुमची चार अक्षरं यात गेली, ओ पाहुणा आला. उरले आर आणि ई. आता ‘-एशन’च्या आधी आर आणि ई असलेले शब्द आठवा: ऑपरेशन, जनरेशन, फेडरेशन, सेलिब्रेशन, प्रिपरेशन, एक्स्प्लोरेशन. इथे एक सापळा आहे. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ उच्चारताना तो इतका भरगच्च वाटतो की सहाही अक्षरं असणारच असं वाटतं. स्पेलिंग लिहून बघा, चौदा अक्षरांत ई कुठेच नाही. ‘इन्फर्मेशन’चंही तेच, आपण ‘फर्मे’ म्हणतो पण तिथे ओ-आर-एम-ए आहे. कानावर विश्वास ठेवला की असं होतं.

‘-मेंट’ घेतला तर ई, एन, टी गेले, उरले आर, आय, ए: पार्लमेंट, इम्पेअरमेंट, एंटरटेनमेंट. ‘पार्लमेंट’मध्ये आय आहे हे किती जणांच्या लक्षात असतं? उच्चारात तो नाहीच. ‘रिटायरमेंट’ मात्र नापास, त्यात ए नाही. ‘अँटी-’ घेतला तर आर आणि ई उरतात, पण तिथून सुचणारे शब्द फार लांब जातात, ‘अँटिबॅक्टेरियल’सारखे, आणि बोर्डावर त्यांना जागा मिळत नाही. ‘-इंग’ मात्र सोन्याची खाण. ‘रेटिना’त जी घातला की ‘टेअरिंग’ होतो आणि ‘ग्रॅनाइट’ही होतो, तीच सात अक्षरं. त्यात एल घाला: ‘ट्रँगल’, ‘इंटिग्रल’, ‘ऑल्टरिंग’, ‘रिलेटिंग’, ‘अलर्टिंग’, पाचही आठ अक्षरी आणि पाचांची अक्षरं एकच. एलऐवजी सी घाला: ‘क्रिएटिंग’, ‘रिॲक्टिंग’, ‘केटरिंग’. एम घातला की ‘एमिग्रंट’, डी घातला की ‘ग्रेडियंट’, डब्ल्यू घातला की ‘वॉटरिंग’.

दिलेल्या अक्षरांत क्यू, झेड, एक्स, जे असलं काही असेल तर उलटी रीत. तिथे प्रत्यय आधी नाही, ते दुर्मीळ अक्षरच आधी धरायचं, कारण त्याच्या भोवती फारच थोड्या जोड्या जमतात. क्यू म्हटलं की यू जवळजवळ आलाच. स्पर्धेतल्या एका खेळीच्या गुणांचा प्रसिद्ध विक्रम असाच: 1982 साली मँचेस्टरला कार्ल खोश्नाव यांनी ‘कझीक्स’ हा सी-ए-झेड-आय-क्यू-यू-ई-एस असा आठ अक्षरी शब्द लावून एका खेळीत 392 गुण घेतले. क्यू आणि झेड दोन्ही एका शब्दात, आणि शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या दोन लाल घरांवरून तो गेलेला. असं आयुष्यात एकदा.

‘रेटिना’ची सहा अक्षरं हा गंभीर खेळाडूंचा जुना साठा आहे. अशा सहा अक्षरांच्या गटाला स्टेम म्हणतात. रॅकवर सात टाइल्स असतात आणि सातही एका खेळीत लावल्या तर 50 गुण जादा. म्हणून सहा टाइल्स स्टेमच्या जमवायच्या आणि सातवी कुठलीही आली तरी शब्द तयार, असा तो डाव. माझ्या वहीत या स्टेमसमोर सातवं अक्षर म्हणून निदान अठरा अक्षरं लिहिलेली आहेत. सी घातला की ‘सर्टन’, डी घातला की ‘ट्रेन्ड’, ई घातली की ‘ट्रेनी’. एफने ‘फेंटर’, एचने ‘हेअरनेट’, आणखी एका आयने ‘इनर्शिया’, केने ‘केराटिन’, एलने ‘रिलायंट’ किंवा ‘लॅट्रिन’, एमने ‘मिनारेट’, दुसऱ्या एनने ‘एंट्रेन’, पीने ‘पेंटर’, दुसऱ्या आरने ‘टेरेन’, दुसऱ्या टीने ‘नायट्रेट’, यूने ‘टॉरिन’, डब्ल्यूने ‘टिनवेअर’. एसने तर अर्धा डझन निघतात, ‘रिटेन्स’, ‘नॅस्टियर’, ‘रेट्सिना’ वगैरे. जेनेसुद्धा होतो, कॉलिन्समध्ये ‘नार्जी’ आहे, एन-ए-आर-टी-जे-आय-ई, दक्षिण आफ्रिकेतलं संत्र्यासारखं फळ. आपल्या नागपूरकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि हे सगळं पाठ असूनही माणूस कसा फसतो ते सांगतो. एका स्पर्धेत माझ्या रॅकवर ही सहा अक्षरं आणि ओ आला. मी सातात शब्द शोधत बसलो. टाइल्स वर्तुळात मांडल्या, उलट्या मांडल्या, घड्याळाची चार मिनिटं जाळली, शेवटी वैतागून चार अक्षरांचा काहीतरी फुसका शब्द लावला. डाव संपल्यावर समोरच्या काकांनी, सत्तरीचे होते, शांतपणे बोर्डावरच्या एका बीवर बोट ठेवलं. बी मोकळा पडलेला, दोन्ही बाजूंना जागा. म्हणाले, ‘बॅरिटोन.’ बी-ए-आर-आय-टी-ओ-एन-ई. माझी सातही अक्षरं आणि तो बी. मी रॅकवरच्या अक्षरांत शब्द शोधत होतो, बोर्डावरच्यांना धरत नव्हतो. तुमच्या प्रश्नाचं मोल इथे आहे. ‘ही अक्षरं असलेला मोठा शब्द’ म्हणजे खेळाच्या भाषेत माझी सात अधिक बोर्डावरचं एक. त्या ओसह सी मिळाला असता तर ‘क्रिएशन’ किंवा ‘रिॲक्शन’, एल मिळाला असता तर ‘रिलेशन’ किंवा ‘ओरिएंटल’, डी असता तर ‘रॅशन्ड’, पी असता तर ‘ॲट्रोपिन’, एस असता तर ‘सेन्योरिटा’. घरी येऊन मी त्या सात अक्षरांपुढे एकेक अक्षर ठेवून अख्खं पान लिहून काढलं. ते पान अजून आहे.

पाठ करायचंच असेल तर शब्द पाठ करू नका. अल्फाग्रामकडून शब्दाकडे जायचं. कार्डाच्या पुढच्या बाजूला ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी, मागे पाच शब्द. शब्द बघून ‘हो, हा येतो मला’ वाटणं फुकट आहे, रॅकवर कुणी ‘ट्रँगल’ मांडून देत नाही. रोज दहा कार्डं, चुकलेली उद्या परत, बरोबर आलेली आठवड्याने. अर्थ कळलाच पाहिजे असंही नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं, शब्दयादी डोक्यात बसवून. मला ते जमत नाही, मला अर्थ लागतोच. ‘रायता’ कॉलिन्समध्ये आहे, आर-ए-आय-टी-ए, आणि त्याच पाच अक्षरांचा ‘टिआरा’ होतो, ‘एट्रिआ’ही होतो. आईच्या हातची कोशिंबीर, राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि हृदयाचे कप्पे. हे त्रिकूट मी एकदा ऐकलं आणि विसरलो नाही.

मोठ्या शब्दांच्या नादाला किती लागायचं हाही प्रश्न आहेच. नायजेरियाचे वेलिंग्टन जिघेरे 2015 मध्ये पर्थला जगज्जेते झाले तेव्हा त्यांच्या संघाच्या डावपेचांची बरीच चर्चा झाली: हातात लांब शब्द असतानाही पाच अक्षरांचा शब्द लावायचा आणि चांगल्या टाइल्स राखून ठेवायच्या. नवख्याने मात्र याचं अनुकरण करू नये असं माझं मत. आधी लांब शब्द दिसायला लागू देत, मग ते सोडून द्यायचा विचार करा.

राहता राहिलं, तुमच्या सहा अक्षरांचा सगळ्यात मोठा शब्द कोणता. बोर्ड 15 घरांचा, त्यामुळे खेळात 15 च्या वर जाताच येत नाही. पण मॅकच्या त्या जुन्या वेबस्टर यादीवर शोध चालवून लांबीप्रमाणे लावलात तर अगदी वर ‘टेट्राआयोडोफिनॉल्फ्थॅलीन’ दिसेल, 24 अक्षरांचा रसायनशास्त्रातला शब्द. आर, ई, टी, आय, एन, ए सहाही त्यात आहेत. चोवीसच्या चोवीस अक्षरं वर्णक्रमाने लावून बोट फिरवून बघा, एचच तीन भेटतील.